गवताची येळवस

तांबडवाडीच्या लोकांनी आनंदराज सोनकांबळेला पहिल्याच महिन्यात नाव ठेवलं होतं, गवत्या सायेब. मुखेडहून येणारी एसटी फाट्यावर थांबली आणि डोक्याला गमजा गुंडाळलेला, खांद्याला पिशवी अडकवलेला हा माणूस उतरला, की पारावरून कुणीतरी ओरडायचंच, "आला बगा गवत्या!" तो हसायचा. हसण्यावाचून दुसरं काही त्याला सुचायचंही नाही.

आनंदराज मूळचा रेणापूरचा, चाळिशी उलटलेला. लातूरच्या एका लहानशा संस्थेत नोकरीला होता. आधी बरीच वर्षं पाणलोटाची कामं केली, बांध घातले, चर खोदले. मग संस्थेनं उजाड झालेली माळरानं पुन्हा गवताखाली आणायचं काम हाती घेतलं आणि तांबडवाडीचं गायरान त्याच्या वाट्याला आलं. बायको धम्मप्रिया रेणापूरच्या दवाखान्यात नर्स होती. हा मुखेडला एक खोली घेऊन राहायचा आणि रविवारी घरी जायचा.

काम ऐकायला सोपं होतं. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ होता. गुरं-मेंढरं चरून चरून त्याचा खडक उघडा पडला होता. उरली होती ती कुसळी आणि घाणेरीची जाळी. भोवती काट्याचं कुंपण करायचं, घाणेरी मुळासकट काढायची, पवन्या आणि मारवेल या चांगल्या गवतांचं बी आणून फेकायचं, आणि मग सगळ्यांत अवघड गोष्ट करायची. काहीच करायचं नाही. माळ पडू द्यायचा. गुरं आत घालायची नाहीत. गवत वाढलं, बी झडलं, की विळ्यानं कापून न्यायचं.

"माळाला इसावा?" सिद्रामप्पा पहिल्या बैठकीतच म्हणाले होते. "आमाला जल्मात इसावा न्हाई, आन ह्यो माळाला देऊन राहिलाय!"

पार हसून हसून लोळला होता.

सिद्रामप्पा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चौकट, आणि दावणीला देवणीच्या देखण्या गाई. त्यांच्या गाई पिढ्यान्पिढ्या त्या माळावर चरत आलेल्या. त्यांच्यापुढं आनंदराज शक्यतो बोलायचं टाळायचा. पण त्या दिवशी सगळे हसत असताना त्याच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. ते त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं.

"अप्पा, गवत बी पीकच हाय. तुमी त्याला कधी पीक म्हनलं न्हाई, एवढंच."

"आसं का? मग आवंदा हेच्या पेरनीला बैल धाडू का माजे?" अप्पांनी विचारलं, आणि पुन्हा हशा झाला.

पुढं दोन वर्षं अप्पांनी आनंदराजला रडवलं. काट्याचं कवाड रोज सकाळी बाजूला फेकलेलं असायचं आणि आत अप्पांच्या गाई. राखणीला साखराबाई नावाची धनगराची बाई ठेवली होती. तोंडानं फटकळ, पण इमानी. ती आरडाओरड करत गाई बाहेर काढायची आणि अप्पा बांधावर उभे राहून म्हणायचे, "साखरे, तुजी मेंढरं गेली आसती तर?"

"माजी मेंढरं शाणी हायती अप्पा. त्येंला कुंपन कळतंय."

आनंदराज कवाड पुन्हा लावायचा. भांडला मात्र नाही. भांडण करायला लागतं ते बळ आपल्यात नाही, असं त्याला नेहमीच वाटायचं. तो फक्त तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ग्रामसभेत, हॉटेलात, बाजाराच्या दिवशी मुखेडच्या एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला. गवत बी पीकच हाय. शेवटी शाळेतली पोरंसुद्धा त्याला बघून तेच ओरडायला लागली.

मग एक वाईट उन्हाळा आला. पाऊस आधीच दगा देऊन गेलेला. कडबा मिळेना. फाट्यावरून गुरांचे टेम्पो जायला लागले. अप्पांची हरणी नावाची गाय, त्यांची लाडकी, उठेनाशी झाली. त्या आठवड्यात माळावरचं राखून ठेवलेलं गवत गावाला वाटलं गेलं. आनंदराजनं अप्पांच्या वाट्याच्या पेंढ्या साखराबाईबरोबर पाठवल्या. स्वतः गेला नाही. आपण गेलो तर अप्पांना खाली बघावं लागेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा माळावर आले. कवाड उघडून आत आले आणि हातानं पुन्हा लावलं. पवन्याची एक काडी मोडून नाकाशी धरली. 

"पीक हाय खरं," म्हणाले, आणि निघून गेले.

त्या एका वाक्यावर आनंदराज पुढं कितीतरी दिवस जगला. रविवारी घरी गेला तेव्हा धम्मप्रिया म्हणाली, "आज काय भेटलं काय तुमाला? एकटेच हसून राहिलाव."

त्यानंतर माळ खरंच भरला. चौथ्या वर्षी कमरेएवढं गवत उभं राहिलं. चंडोल आले, तित्तर आले, संध्याकाळी ससे दिसायला लागले. वाऱ्यानं गवत एका बाजूला कलंडायचं तेव्हा लांबून बघणाऱ्याला तिथं तलाव आहे असं वाटायचं. अप्पांनी आता दुसऱ्यांची गुरं हाकलायला सुरुवात केली होती. आनंदराजपेक्षा जास्त कडक.

आणि तेव्हाच बातमी आली की माळावर सौरऊर्जेच्या पाट्या बसणार. सरकारी दप्तरात ती जमीन गायरान, पडीक अशी होती. पडीक म्हणजे कुणाच्या उपयोगाची नाही. कुठल्याशा कंपनीनं मागणी केली होती आणि तालुक्याहून एक साहेब जागा बघायला येणार होते. लातूरच्या ऑफिसातून आनंदराजला फोन आला, "गवत उभं दाखवा. एवढं एकच करा. साहेबांनी डोळ्यांनी बघितलं की हे गावाचं वापरातलं कुरण आहे, तर पडीक लिहिता येणार नाही. मग आपण पुढचं बघू. पण गवत उभं पाहिजे."

म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतरची कापणी त्यानं लांबवली. साहेब येऊन जाईपर्यंत एकही विळा लावायचा नाही, असं गावानं ठरवलं. साहेबांचं येणं येळवशीनंतर, म्हणजे शेतात जाऊन पिकाची पूजा करायच्या मार्गशीर्षातल्या अमावस्येनंतर, असा निरोप आला.

"येळवस?" अप्पा पारावर ताठ बसले. "मग तर झालंच की. पीक म्हनलं की येळवस आली. ह्या वर्साला येळवस माळावर करायची. सगळ्या गावानं. कोपी माळात मांडायची. सायबाला समजू दे, पडीकाची कोन पूजा करतंय का?"

गावानं माना डोलावल्या. मग अप्पा आनंदराजकडं वळले आणि पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली.

"आनंदराज, तू बी यायचं. मालकीन, पोरं, सगळ्यास्नी घिऊन. तुजं पीक हाय बाबा."

आनंदराजच्या घरी येळवस कधी नव्हती. त्यांना शेतच नव्हतं. लहानपणी तो आईबरोबर दुपारी कुणाकुणाच्या शेतात जायचा. बांधावरच बसायचं. मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं गाडगं मिळायचं, ते घेऊन दिवस कलायच्या आत घरी परत. रात्रीची येळवस त्यानं फक्त रेणापूरच्या आपल्या वस्तीतून बघितली होती. दूर अंधारात, काळ्या शेतांमधून, लाल ठिपके हलत फिरत असायचे. तो आईला विचारायचा, ते काय गं? आई म्हणायची, हेंडगा. पिकाची नजर काढतेत. आनंदराजला ते ठिपके फार आवडायचे. आपल्याला तिथं जाता येत नाही म्हणून जास्तच आवडायचे.

धम्मप्रियाला ड्यूटी होती, तिला येता आलं नाही. तो एकटाच गेला, नवा सदरा घालून.

काळजी त्यानं घेतली नव्हती असं नाही. रस्त्याच्या कडेनं आणि शेतांच्या बाजूनं सगळीकडं जाळपट्टा काढला होता, म्हणजे आग आलीच तर तिला खायला काही मिळू नये म्हणून गवत खरवडून मोकळी केलेली पट्टी. एखाद्यानं बिडी फेकली तरी आग आत येऊ नये. चुली माळावर पेटवायच्या नाहीत, सगळं रांधून आणायचं, हे त्यानं घरोघर जाऊन सांगितलं. साखराबाईनं माणसांच्या खिशातल्या काड्यापेट्या गोळा करून ओच्यात बांधल्या.

"बिडीबिगर येळवस म्हंजी मयताचं जेवान," एक म्हातारा कुरकुरला.

"मंग मरून दाखीव, भज्जी जास्तीची वाढते," साखराबाई म्हणाली.

माळाच्या बरोबर मधोमध थोडी जागा साफ करून कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी केली होती. वर शाल पांघरलेली, आत चुना लावलेले पाच दगड, पांडव. दिवा मोठ्या घागरीत ठेवला होता. अप्पांनी आंबील घेतली आणि गवताच्या कडेकडेनं शिंपडत निघाले. मागून सगळा गाव येळवशीची आरोळी देत होता, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" आनंदराजही ओरडला. त्याचा आवाज चिरकला, पण कुणी हसलं नाही. जेवायला बसले तेव्हा अप्पांनी त्याला आपल्या शेजारी ओढून बसवलं आणि आपल्या हातानं भज्जी वाढली.

"रेनापूरला आसली मिळती का रे?"

"न्हाई अप्पा."

खरं म्हणजे मिळायची. पण अशी नाही.

दुपार कलंडली. बायका-पोरं आवरून निघाली. आनंदराज थांबला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला दिवस मावळला तरी जा म्हणालं नव्हतं. कोपीला पाठ लावून तो गवताकडं बघत बसला. साहेब परवा येणार होते. फक्त परवापर्यंत हे उभं राहायला हवं होतं.

अंधार पडायला लागला तेव्हा त्याला गवताच्या पलीकडच्या कडेला एक लाल ठिपका दिसला. हलत, डुलत जाणारा. त्याच्या छातीत लहानपणीचा आनंद उसळून आला. एक क्षण, दोन क्षण, तो फक्त बघत राहिला. किती छान दिसतंय. हेंडगा.

मग त्याला कळलं, तो काय बघतोय.

"अप्पाऽऽ!"

अप्पांनी ती हाक ऐकली आणि त्यांना वाटलं, हा कौतुकानं बोलावतोय. त्यांनी हेंडगा आणखी उंच धरला. काठीला कडब्याची पेंढी बांधून, आनंदराजच्या पाठीमागं, कोपीतल्या घागरीतल्या दिव्यावर त्यांनी तो पेटवून मागच्या बाजूनं नेला होता, जसा दरवर्षी आपल्या ज्वारीतून न्यायचे. पन्नास येळवशींत कधी एक पात जळली नव्हती. ज्वारी या दिवसांत हिरवीगार असते. पवन्या वाळून कडकडीत झालेला असतो.

ठिणगी पडली ती दिसलीसुद्धा नाही. दिसला तो जाळ. आधी एक पट्टा, मग वाऱ्यानं त्याला उचललं आणि सगळा माळ कडकडायला लागला. लोक धावले. कडुलिंबाच्या फांद्या, घोंगडी, आंबिलीची गाडगी, हाती लागेल ते घेऊन झोडपत राहिले. साखराबाई लुगडं खोचून आगीच्या तोंडाशी उभी राहिली, तिला दोघांनी ओढून काढलं. एक ससा आनंदराजच्या पायांतून पळाला. तित्तरं फडफडत वर उठली आणि धुरात कुठं गेली ते कळलं नाही. कोपी एका क्षणात गेली.

जाळपट्ट्यानं मात्र आपलं काम चोख केलं. आग माळाच्या बाहेर एक वीतही गेली नाही. कुणाच्या ज्वारीला धग लागली नाही. आनंदराजनं बाहेरून येणाऱ्या आगीसाठी जे केलं होतं, त्यानं आतली आग आतच राखली, आणि सगळा माळ खाऊन झाल्यावरच ती विझली.

अप्पा उभे होते तिथंच उभे होते. धोतराचा काठ जळालेला, हातात नुसती काठी.

"जवारीत तर कवाच पेटत न्हाई," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "जवारीत कवाच न्हाई."

आनंदराजला एवढंच दिसत होतं की या माणसानं आपला शब्द खरा मानला. आपण चार वर्षं सांगत होतो, पीक आहे, पीक आहे. त्यानं पिकाला करायचं ते केलं. आपण पीक म्हणालो, पण ते वाळलेलं पीक आहे, हे सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी लातूरहून फोन आला. ऑफिसातल्या बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "एक वाट आहे. आग कुणी लावली त्याचं नाव घालून पोलिसात तक्रार द्या. गुन्हा नोंदला की चौकशी होईपर्यंत जागेचा निर्णय थांबेल. तेवढ्यात पावसाळा येतो. गवत मुळातून पुन्हा फुटतं, हे तुम्हालाच माहीत आहे."

माहीत होतं. पवन्याची मुळं आगीत मरत नाहीत. सहा महिने थांबलं की माळ पुन्हा हिरवा दिसला असता. सहा महिने मिळवायला फक्त एक नाव द्यायचं होतं.

त्यानं धम्मप्रियाला फोन लावला.

"देऊन टाका की नाव," ती म्हणाली. "मुद्दाम लावली न्हाई, हे बी सांगा. पुढं काय ते कोर्ट बघंल."

"सत्तरीचं माणूस हाय गं."

"तुमची चार वर्षं गेली, त्येचं काय?"

मग तीच हळू आवाजात म्हणाली, "आन तुमी नाव दिलं तर गाव काय म्हनंल, ते बी मला माहीत हाय. पंगतीला बसवलं आन त्यानंच ठाण्यात नेलं, असं म्हनतील. तुमी देणार न्हाई. जेवलाव का?"

तो जेवला नव्हता.

परवाचा दिवस उजाडला. साहेबांची जीप फाट्यावरून वर आली. मागं मंडळी जमली होती, पण पारावर असतात तशी नाही. मयताला जमतात तशी. साहेब सज्जन होते. बूट काळे होतील म्हणून कडेलाच थांबले नाहीत, आत चालत गेले. आनंदराजनं खुरप्यानं एक जळका ठोंब उकरला आणि मुळं वाकवून दाखवली. आत पांढरी, ओली.

"जिवंत आहे साहेब. फुटेल."

"असेल हो," साहेब म्हणाले. "पण मला आज जे दिसतं तेच लिहावं लागतं. आज काय दिसतंय? तुम्हीच सांगा, सोनकांबळे."

आनंदराजनं माळाकडं पाहिलं. काळं. टोकापासून टोकापर्यंत काळं.

"आग कुणी लावली?" साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं. "नाव असेल तर सांगा. मी थांबवू शकतो."

कुणी हललं नाही. साखराबाई पदर तोंडात धरून आनंदराजकडं बघत होती. आनंदराजचे ओठ हलले. नाव त्याच्या जिभेवर आलं होतं, हे त्याला पुढं कधीच नाकारता आलं नाही. मग तो म्हणाला, "वाऱ्यानं पसरली साहेब."

"वाऱ्यानं पसरली. लावली कुणी?"

"मी फिरविलो," मागून आवाज आला. सिद्रामप्पा गर्दीतून पुढं आले. दोन दिवसांत अंगानं अर्धे झाले होते. "पिकाला हेंडगा फिरविलो. येळवशीचा."

"कुठल्या पिकाला?"

"ह्येच्या." अप्पांनी पायाखाली बोट दाखवलं.

साहेबांनी राखेकडं पाहिलं, मग अप्पांकडं. त्यांना थट्टा वाटली असावी, किंवा म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं. "बाबा, इथं पीक होतं कुठं? हे तर गवत."

"गवत बी पीकच हाय," अप्पा म्हणाले.

कुणी हसलं नाही. साहेबांनी मान हलवली. सणाचा हेंडगा, म्हातारा माणूस, यात गुन्हा कसला नोंदवायचा, असं काहीसं सोबतच्या तलाठ्याशी बोलले. वाटलं तर ती दयाच होती. त्यांनी कागदावर लिहिलं, आणि आनंदराजला वाचून दाखवलं, कारण ते सज्जन होते. जागा मोकळी, पडीक, गवत आढळले नाही.

जीप गेली. अप्पा आणि साखराबाई सोडून लोक एकेक करून गेले. लातूरचा फोन वाजत होता, आनंदराजनं उचलला नाही. संस्था आता काम बंद करायला सांगणार, हे त्याला न उचलताही ऐकू येत होतं. तो खाली बसला. खुरपं अजून हातात होतं. उकरलेला ठोंब त्यानं पुन्हा मातीत बसवला आणि वरून माती दाबली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"फुटंल का रे?" अप्पांनी विचारलं.

"फुटंल अप्पा. मिरगानंतर फुटंल."

"तवर पाट्या येत्यात का?"

आनंदराज ठोंबाभोवतीची माती दाबत राहिला. अप्पांना उत्तर मिळालं.

मग अप्पा कवाडाकडं गेले. साहेब जाताना ते उघडंच राहिलं होतं. दोन वर्षं रोज सकाळी हेच कवाड ते बाजूला फेकायचे. आता ते वाकले, बाभळीची काटेरी फांदी दोन्ही हातांनी ओढून आडवी लावली. हाताला काटा मोडला तो तोंडानं उपटून थुंकला. मग मागं हटून, बरोबर लागलं का ते बघितलं.

"अप्पा, ऱ्हावंद्या आता," साखराबाई बांधावरून म्हणाली. "आत काय ऱ्हायलंय राखायला?"

"गुरं शिरतील," अप्पा म्हणाले, आणि आणखी एक फांदी ओढायला गेले.